पन्नाशीनंतर समुद्रकांठीं

दिवाळीच्या सुटींत चार दिवस अलिबाग, नागांव किंवा दिवेआगर येथें काढून मुंबईस परतणाऱ्या कुटुंबांत एक प्रश्न बहुधा परतीच्या वाटेवरच निघतो : आपण येथें कायमचे राहावयास आलों तर? गृहस्थाचें वय पन्नाशीच्या आसपास असतें. मुलगा कॉलेजांत, आई पंचाहत्तरीची आणि नोकरीचीं सातआठ वर्षें उरलेलीं. हा प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. उत्तर चुकलें तर मुंबईंतील विकलेली जागा पुन्हा घेतां येत नाहीं. उत्तर टाळलें तर आयुष्याचीं उरलेलीं धडधाकट वर्षें गर्दींत निघून जातात. अशा वेळीं एका जुन्या स्थलांतराची हकीगत उपयोगीं पडण्यासारखी आहे. तें स्थलांतर माणसांचें नव्हे, एका वेधशाळेचें आहे.

मुंबईस कुलाब्याच्या टोकाशीं ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं वेधशाळा स्थापन केली. पृथ्वीच्या चुंबकशक्तींत क्षणोक्षणीं होणाऱ्या सूक्ष्म फेरफारांची नोंद तेथें १८४० नंतरच्या दशकापासून नियमितपणें होऊं लागली. हें काम करणारीं उपकरणें अतिशय हळवीं असतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं शहरांतील घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें घाटूं लागलें, तेव्हां वेधशाळेपुढें संकट उभें राहिलें. ट्रामच्या रुळांतून जमिनींत शिरणारा विजेचा प्रवाह या उपकरणांना विचलित करतो; मग नोंदींतील पृथ्वीचा भाग कोणता व ट्रामचा कोणता, हें ओळखेनासें होतें. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या कारकीर्दींत नवी जागा निवडली गेली, ती सुमारें ३० किलोमीटर दक्षिणेकडील अलिबागची.

पुढील गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. १९०४ सालीं अलिबागेस काम सुरू झालें, पण त्या दिवशीं कुलाब्याचें काम बंद झालें नाहीं. १९०६ पर्यंत, दोन वर्षें, दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेतल्या गेल्या. दोन्ही जागांमधील फरक कळल्यावरच कुलाब्याची चुंबकीय नोंद थांबली. विजेच्या ट्राम मुंबईंत १९०७ सालीं धांवल्या. शिवाय, उपद्रव फक्त चुंबकीय नोंदींना होणार होता, म्हणून तेवढेंच काम हललें. हवामानाचीं निरीक्षणें कुलाब्यास आजहि होतात. आणि अलिबागची इमारत लोखंड टाळून पोरबंदरी दगडांत बांधली, म्हणजे नव्या जागीं जुना उपद्रव बरोबर नेला नाहीं.

कोणता उपद्रव टाळावयाचा, काय हलवावयाचें आणि जुनें केव्हां सोडावयाचें, हेच तीन प्रश्न आपल्या गृहस्थापुढेंहि आहेत.

पहिला प्रश्न उपद्रवाचा. "शांतता हवी" असें म्हणणारे सर्व लोक एकच वस्तु मागत नाहींत. कोणास लोकलच्या गर्दीचा वीट आलेला असतो, कोणास कचेरीचा, कोणास घरांतील अबोल्याचा. गर्दीचा त्रास समुद्रकांठीं कमी होईल. कचेरीचा त्रास संगणकाबरोबर तेथेंहि येईल, आणि घरांतील अबोला तर शांत गांवीं अधिकच ऐकूं येईल. कोणता त्रास जागेचा व कोणता आपला, याची निवड मुंबईंतच झाली पाहिजे.

यानंतर जागेची परीक्षा, आणि ती दिवाळींत होत नाहीं. दुरून डोंगर साजरे, तसा सुटींतला समुद्रहि साजरा. परीक्षा आषाढांत होते. या किनाऱ्यावर चार महिन्यांत सुमारें २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहींत, आणि खाऱ्या वाऱ्यानें पंख्यापासून बिजागरीपर्यंत सर्व लोखंड गंजतें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलें. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या बाजूच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि कित्येक गांवीं वीज परत येण्यास आठवडे लागले. सुपारीचें रोप फळास येण्यास पांचसात वर्षें लागतात. पन्नाशींत वाडी लावणाऱ्यानें हा हिशेब आधीं मांडलेला बरा. उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी फार उपसलें तर कांठच्या गांवांत तें मचूळ होऊं लागतें, हेंहि विसरूं नये.

दुसरी परीक्षा वाटेची. गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्यास जाणाऱ्या प्रवासी बोटी पावसाळ्याच्या तोंडावर बंद होतात, त्या पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसह नेणारी रो-रो बोट चालते व ती पावसाळ्यांतहि हवामान पाहून सुटते. २०२४ च्या जानेवारींत शिवडी ते न्हावाशेवा हा सुमारें २२ किलोमीटरांचा अटल सेतु खुला झाला, त्यामुळें खुष्कीचा मार्गहि सुधारला. तथापि वडखळहून अलिबागेस जाणाऱ्या रस्त्यावर शनिवारीं-रविवारीं गाड्यांची रीघ लागते. मुरूड व श्रीवर्धन तर त्याहून बरेंच पुढें. नकाशावरचें अंतर न मोजतां जुलैंतील एका रात्रीचें अंतर मोजावें.

तें मोजण्याचें खरें कारण घरांतील वृद्ध आई. अलिबागेस जिल्हा रुग्णालय आहे व अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि झालें आहे. परंतु हृदयविकाराच्या झटक्यांत घटका मोजाव्या लागतात. आपल्या विशिष्ट दुखण्याचा तज्ज्ञ जवळांत जवळ कोठें आहे, तो रात्रीं मिळतो काय, आणि मध्यें खाडी किंवा घाट आहे काय, हें प्रत्यक्ष जाऊन विचारावें. ज्या घरीं नियमित डायालिसिस किंवा तत्सम उपचार चालू आहेत, त्या घरानें गांव निवडण्यापूर्वीं रुग्णालय निवडावें.

तिसरी परीक्षा जमिनीची. १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वयें, शेतकरी नसलेल्या माणसास महाराष्ट्रांत जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. कायद्यानें दिलेल्या थोड्या सवलती तेवढ्या अपवाद. पुष्कळ वाड्या सातबाऱ्यावर आजहि शेतजमीनच असतात, आणि त्याच उताऱ्यावर मुंबईस व परदेशीं गेलेल्या भाऊबंदांचीं नांवें असतात. त्यांतील एकाची सही राहिली तरी पुढें तंटा उभा राहतो. समुद्रास लागून बांधावयाचें तर १९९१ पासूनचे व २०१९ सालीं नव्यानें आलेले किनारा-नियंत्रणाचे निर्बंध आहेत. दलालाच्या शब्दापेक्षां तलाठ्याचें दप्तर आणि वकिलाचें मत यांवर विसंबावें.

चौथी परीक्षा मिळकतीची. या किनाऱ्यानें आपलीं कर्तीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या बाहेर धाडलीं आहेत. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचानें घाटावर गेले व १७१३ सालीं पेशवे झाले. पुढें शेंकडों घरांतील मुलगे मुंबईच्या गिरण्यांत व कचेऱ्यांत गेले, आणि त्यांच्या मनिऑर्डरीवर गांवचीं घरें उभीं राहिलीं. म्हणजे येथील निवांतपणाची किंमत बहुधा बाहेरच्या पैशानें चुकती झाली आहे. येणाऱ्यानेंहि उत्पन्न आधीं बांधून घ्यावें. पाहुण्यांस खोल्या देऊन सर्व भागेल हा भरंवसा पावसाळ्यांत टिकत नाहीं.

आणखी एक मोजमाप आहे, तें कोणत्याहि कागदावर मिळत नाहीं. कोळी, आगरी, माळी, भंडारी अशीं पिढीजाद कुटुंबें या गांवांत नांदत आहेत. कुंपण उंच बांधून आंत मुंबई वसविणारा मनुष्य शेजारावांचूनच राहतो, आणि वादळाच्या रात्रीं कौलें धरावयास शेजारीच लागतो. वेधशाळेनें लोखंड मागें ठेवलें. येणाऱ्यानें शहरी तोरा मागें ठेवावा.

राहतां राहिला प्रश्न, जुनें केव्हां सोडावें. मुंबईंतील जागा विकूं नये. ती अकरा महिन्यांच्या करारानें भाड्यानें द्यावी आणि त्या भाड्यांतून समुद्रकांठीं साधें घर घ्यावें. ज्यांस नोकरीमुळें तें शक्य नाहीं त्यांनीं निदान पावसाळ्याचे दोन महिने तरी तेथें काढावे. पतिपत्नींनीं दोन वेगळ्या वह्या ठेवाव्या व वर्षअखेरपर्यंत एकमेकांच्या पाहूं नयेत. त्यांच्या वहींत वारा, बोट, वीज असेल. बाईंच्या वहींत कदाचित् कामास न मिळणारी बाई, तुटलेल्या मैत्रिणी, आणि दुपारचे लांबलेले तास असतील. किंवा याच्या उलट, वीस वर्षांत प्रथमच लागलेली गाढ झोंप असेल. एका मृगापासून दुसऱ्या मृगापर्यंतच्या या नोंदी समोरासमोर ठेवाव्या.

दोन्ही वह्या जुळल्या तर मुंबई सोडण्यास भिण्याचें कारण नाहीं. न जुळल्या तर किल्ली अजून आपल्याच हातीं आहे, एवढें समाधान उरतें. अलिबागची वेधशाळा शंभर वर्षांहून अधिक काळ आपलें काम करीत आहे. तिला गांव मानवलें, याचें एक कारण हेंच कीं, जुनें घर मिटण्यापूर्वीं तिनें नवें घर मोजून घेतलें होतें.