चुना, चिरा आणि उजनीचं पाणी

उजनीचा साठा उणे झाला की सोलापूरकर काळजीनं आकडे बघतात. मी करमाळ्याकडचा गवंडी. मला पळसदेवच्या देवळाचं शिखर दिसायला लागतं. धरणात 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातलं 63 टीएमसीच्या वर मृतसाठा. त्या मृतसाठ्यातही पाणी खोल उतरलं, तरच पळसनाथाचं देऊळ पुरतं उघडं पडतं. पळसदेव गाव पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, पण पाणी एकच.

धरण 1980 साली पुरं झालं. त्याआधी दोन्ही काठांवर घरं बहुतेक एकाच रीतीची. पायाला दगड, वर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, तुळयांवर काटक्या अंथरून मातीचं माळवद. उठायची वेळ आली तेव्हा लोकांनी तुळया, खांब, चौकटी उपसून बैलगाड्यांत घातल्या आणि नव्या गावठाणात त्याच लाकडावर घरं उभी केली. मागच्या भिंती पाण्यात विरघळल्या. त्यात वाईट काही नाही. असं घर मुळातच दर पावसाळ्याला डागडुजी मागणारं.

देवळाची गोष्ट निराळी. खालचं बांधकाम घडीव चिऱ्यांचं. चिरा चिऱ्यावर बसतो तो घडाईच्या नेमकेपणानं आणि वरच्या वजनानं. सांध्यात मसाला नसेल तर पाणी धुऊन काय नेणार? शिखर मात्र भाजक्या विटांचं, चुन्यात बांधलेलं, आणि खरं नवल मला त्याचंच वाटतं. चुना घाणीत बैल फिरवून मळायचा, बांधल्यावर ओला ठेवायचा. मग हवेतला वायू शोषून तो वर्षानुवर्षं दगडाकडे सरकत राहतो. देवळातला चुना बुडण्याआधी कित्येक शतकं पक्का होत होता. नवा, कच्चा चुना असता तर पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेला असता.

उजनीच्याच पाण्यावरच्या डिकसळच्या जुन्या पुलाचं शास्त्र वेगळं. तो इंग्रजांनी रेल्वेसाठी बांधलेला. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो, माथ्यावरचा चावीचा दगड सगळ्यांना अडकवतो. धरणामुळे रेल्वेमार्ग सरकला आणि त्याच पुलावरून गाड्या, ट्रॅक्टर जाऊ लागले. बांधणाऱ्यानं उसाचा ट्रॅक्टर थोडाच धरला होता हिशेबात!

पळसदेवाजवळ सतीशिळा आणि वीरगळही आहेत. बघायला येणारे मात्र शिखराकडे तोंड करून फोटो काढतात आणि परत फिरतात. मी म्हणतो, सांध्यांवर बोट फिरवा. सतत बुडून राहण्यापेक्षा वीट वर्षाआड ओली-कोरडी होणं जास्त वाईट. पाणी विटेत शिरतं, सुकताना क्षार बाहेर ढकलतं, पापुद्रे सुटतात. त्यातच कुणीतरी सिमेंटचा गिलावा थापायचं सुचवतं. सिमेंट कडक असतं, ओल आत कोंडतं आणि जाताना विटेचं तोंडही घेऊन जातं. दर्जा भरायच्याच असतील तर चुन्यानंच भरा, आणि तेही शिखर उघडं असतानाच, मृगाचा पाऊस यायच्या आत.