घरकुल आणि घरातली कमावती माणसे



खेड तालुक्यातल्या एखाद्या गावात भल्या सकाळी फाट्यावर उभे राहिलात, तर चाकणच्या कारखान्यांकडे निघालेली तरुण मुले दिसतील. संध्याकाळी त्यांतली कितीतरी आईबापांच्या पडक्या, पत्र्याच्या घरात परत येतात. बाप विचारतो, "सरकार घरकुलाला पैसे देतं म्हणतात, मग आमचं नाव यादीत का नाही?" याचे उत्तर पुष्कळदा त्या मुलाच्या पगाराच्या चिठ्ठीत असते. ते कसे, हे आज पाहू.

प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग २०१६ साली सुरू झाला. तिचे मूळ अनुदान सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये असे ठरले. घर मागतो बाप. पण तपासले जाते सारे कुटुंब. घरातले कोणीही एक माणूस ठरावीक रकमेपेक्षा जास्त मिळवीत असेल, तर अख्खे कुटुंब बाद होते. ही रक्कम प्रथम महिना १०,००० रुपये होती. २०२४ साली ती १५,००० केली. कोणी सरकारी नोकर असला किंवा घरातून आयकर भरला जात असला, तरी तेच.

ब्रिटनमध्ये घरभाड्याच्या सरकारी मदतीतून घरातल्या इतर प्रौढ माणसांपोटी काही रक्कम वजा करतात. आपल्याकडे वजाबाकी नाही. मिळाले तर पुरे अनुदान, नाहीतर काहीच नाही.

आणखी एक खाच आहे. व्यवसाय कर, म्हणजे ज्याला आपण पीटी म्हणतो, तो भरणारे कुटुंबही बाद होते. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना ७,५०० रुपयांच्या वर गेला की हा कर लागतो. स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत तो माफ आहे. म्हणजे मुलाचा पगार १२,००० असला, तो पंधरा हजारांच्या आत असला, तरी चिठ्ठीवरची ही छोटी कपात आड येऊ शकते!

मग कुटुंब म्हणायचे कोणाला? आपली जनगणना एका चुलीवर जेवणाऱ्यांना एक कुटुंब धरते. शहरी आवास योजनेत मात्र नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुले एवढेच कुटुंब. चाकणला नगरपरिषद आहे, म्हणून तिथे हा शहरी नियम चालतो, पिंपरी-चिंचवडलाही तोच. तिथे लग्न झालेला मुलगा आपल्या बायकोसह वेगळे कुटुंब ठरतो. अविवाहित मुलाची कमाई मात्र बापाच्या कमाईत मिळवतात. बापाचे महिना १२,००० आणि मुलाचे १४,००० धरा. वर्षाचे झाले ३,१२,०००. सर्वांत गरीब गटाची मूळ मर्यादा आहे ३,००,०००. बारा हजारांनी गाडी चुकली!

याची दुसरी बाजूही आहे. ज्या घरात १६ ते ५९ वर्षांचे कोणीच प्रौढ माणूस नाही, किंवा जिथे बाई घर चालवते आणि त्या वयाचा पुरुष नाही, अशा घरांना ग्रामीण यादीत अग्रक्रमासाठी जादा गुण मिळतात. एकट्या म्हातारीने "माझ्यामागे कोण आहे?" म्हणून गप्प बसू नये. मागे कोणी नाही, हेच तिथे सांगायचे असते.

तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पाहणीला माणूस आला की घरात कोण राहते, कोण किती मिळवते, ते खरे सांगा. मुलाची चूल खरोखर वेगळी असेल तर तसे दाखवा. पण कागदापुरती चूल मांडू नका, कारण यादी ग्रामसभेपुढे येते आणि गावाला सगळ्यांच्या चुली ठाऊक असतात. आणि नाव चुकीने गळले असेल तर ग्रामसभेत उठून विचारा; तिथे दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या अपील समितीकडे अर्ज करा.

गुरुजी, आपणाला एक विनंती. पगाराची चिठ्ठी आणि पाहणीचा कागद शेजारी ठेवून शेजाऱ्याला वाचून दाखवा. अर्धा तास लागेल, पण आपण का बाद झालो हे तरी त्याला कळेल. आणि चूक असेल तर ती दुरुस्तही होईल.