आठवड्याचा अभ्यास : पालकांसाठी चार शब्द

जून महिन्यात शाळा उघडल्या की घरोघर नव्या वह्यांना कव्हरे चढतात आणि पहिला आठवडा उत्साहात जातो. पुढे मात्र तक्रारी सुरू होतात. मूल अभ्यासाला बसत नाही, असे आई म्हणते. घरचा अभ्यास फार आहे, असे मूल म्हणते. चलथाणच्या आपल्या मंडळींत बहुतेक घरी हीच कथा ऐकू येते. म्हणून वर्षारंभीच्या अभ्यासाविषयी थोडे विवेचन करावे, असे आम्हांस वाटले.

प्रथम घरचा अभ्यास किती असावा ते पाहू. केंद्र सरकारने २०२० साली शालेय दप्तराविषयी जे धोरण जाहीर केले, त्यात पहिली-दुसरीच्या मुलांस घरचा अभ्यास मुळीच देऊ नये असे सांगितले आहे. तिसरी ते पाचवीला आठवड्यास जास्तीत जास्त दोन तास आणि सहावी ते आठवीला रोज फार तर एक तास. तिसरी ते पाचवीचे दोन तास सहा दिवसांत वाटले, तर रोजची अवघी वीस मिनिटे होतात. एवढा वेळ गरिबातल्या गरीब घरीही निघू शकतो.

रोज थोडे का? हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली दाखवले की, पाठ केलेले पहिल्या दिवसातच झपाट्याने विसरले जाते. मात्र मधून मधून उजळणी केली तर ते टिकते. रविवारी दोन तास डांबून बसवलेल्या मुलापेक्षा रोज वीस मिनिटे बसणारे मूल पुढे जाते, ते याच कारणाने. सोमवारी शिकलेले मंगळवारी विचारावे, पुन्हा शुक्रवारी विचारावे. शनिवारी आठवड्याची उजळणी करावी व रविवारी मुलास खेळू द्यावे.

आपल्या मुलांपुढे भाषेचा प्रश्न अधिक आहे. घरी मराठी किंवा अहिराणी, बाहेर गुजराती. त्यातच गुजरातेत पहिली ते आठवी गुजराती शिकवणे २०२३ च्या कायद्याने सर्व शाळांस सक्तीचे झाले आहे. यात भिण्यासारखे काही नाही. गुजराती लिपीत शिरोरेषा नाही. इ, ख, ज, झ अशी काही अक्षरे निराळी आहेत, पण पुष्कळशी ओळखीची वाटतात. आणि आपला ‘बे एके बे’ म्हणताना मूल गुजरातीतलाच ‘बे’ उच्चारत असते! मराठी शाळेतील मुलाने रोज पाच मिनिटे गुजराती पाट्या वाचाव्यात. गुजराती शाळेतील मुलाने तेवढाच वेळ मराठी गोष्ट मोठ्याने वाचावी. नाही तर गावाकडच्या आजीचे पत्र त्यास परके होईल.

ज्या आईबापांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांनी काय करावे? त्यांनी ऐकावे. ‘आज शाळेत काय झाले ते सांग,’ एवढे विचारले तरी मुलास आठवावे लागते, जुळवून सांगावे लागते. हाच खरा अभ्यास. पाळीवरून आलेला बाप जेवताना पाढा म्हणवून घेऊ शकतो. भाजीचा हिशेब, एस.टी.चे भाडे, घड्याळातली वेळ यांतही गणित आहे. भावनगरास गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ पासून बोर्डी येथे खेड्यातील मुलांत काम केले. मूल धाकाने नव्हे, आनंदाने शिकते, हीच या दोघांची शिकवण होती.

आणखी एका मुलाची आठवण ठेवावी. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि डांग, नंदुरबार, धुळे येथून ऊसतोडीची कुटुंबे या भागात उतरतात. त्यांच्या मुलांची शाळा गावी राहते. जून ते दिवाळी एवढेच आठवडे त्यांच्या हाती असतात. त्यातला एक बुडाला तरी तो भरून निघणे कठीण. अशा मुलाजवळ एक वही असावी व तीत दर आठवड्यास काय शिकले ते लिहिलेले असावे, म्हणजे नव्या ठिकाणी गुरुजींना कोठून सुरुवात करावी हे कळेल. शेजारच्या पडावावर असे मूल दिसले, तर आपल्या मुलाबरोबर त्यासही वीस मिनिटे बसवावे.

महोत्सवानिमित्त मोठे संकल्प पुष्कळ होतात. आमची विनंती लहान आहे : रोज वीस मिनिटे मुलाजवळ बसा आणि शाळा उघडल्याच्या पहिल्या सोमवारीच आरंभ करा.