अर्ध्या मायक्रॉनची चमक

यवतमाळ जिल्ह्यात जुन्या मोटारीचे काय उरले आणि काय गेले, हे मुख्यतः तिथली हवा ठरवते. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईतच राहिली, तर खाऱ्या दमट वाऱ्याने तिचा पत्रा तळाकडून गंजत जातो; तीच गाडी यवतमाळ, वणी किंवा पुसदच्या एखाद्या वाड्यात उभी राहिली, तर कोरड्या हवेत पत्रा बराच काळ तग धरतो, मात्र मे महिन्यात 45 अंशांच्या घरात जाणाऱ्या उन्हाने काचेभोवतीचे रबर ताठरून चिरते, आसनांचे रेक्झिन शिवणीवर फाटते आणि स्टिअरिंगच्या चाकाला तडे जातात. त्यामुळे वऱ्हाडातील अशी गाडी पूर्वस्थितीला आणायची म्हटली की पत्र्यापेक्षा तिच्या साजाचा प्रश्न मोठा होतो. येथे साज म्हणजे गाडीच्या चालण्याशी थेट संबंध नसलेले, परंतु तिला तिचा चेहरा देणारे सर्व भाग होत: बंपर, पुढची जाळी, दारावरील चमकपट्टी, चाकाची टोपी, नावाचा मोनोग्राम, काचेचे रबर, आसनांचे आच्छादन.

या प्रत्येक भागाबाबत मालकासमोर तीन वाटा असतात. आहे तो भाग आहे तसा ठेवावा, तो दुरुस्त करून पुन्हा चकाकता करावा, किंवा नव्याने घडवलेली प्रतिकृती बसवावी. गॅरेजात यांना ‘ओरिजिनल’, ‘पॉलिश केलेला’ आणि ‘डुप्लिकेट’ म्हणतात. याखेरीज दुकानाच्या माळ्यावर कागदात गुंडाळलेला, कधीच न वापरलेला कंपनीचा माल क्वचित हाती लागतो, आणि मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग जुन्या बाजारात मिळतात. ते अस्सल खरे, पण दुसऱ्याच गाडीचे.

निवड करण्यापूर्वी धातू ओळखावा लागतो. चुंबक घट्ट चिकटले तर क्रोम चढवलेले पोलाद, निसटले तर ॲल्युमिनियम, स्टेनलेस पोलाद किंवा जस्ताचे ओतीव मिश्रधातू असण्याची शक्यता अधिक. स्टेनलेसच्या पट्टीला कोणताही लेप नसतो, चमक त्या धातूचीच असते, म्हणून तिचे पोचे मागच्या बाजूने लाकडी ठोकळ्यावर हलक्या हातोडीने उठवून, कानस आणि क्रमाक्रमाने बारीक होत जाणारा पाणीपेपर मारून, शेवटी बफवर धरली की ती जवळजवळ पहिल्यासारखी होते. ॲल्युमिनियमवरील ॲनोडायझिंग, म्हणजे विद्युत प्रक्रियेने धातूच्याच पृष्ठभागावर तयार केलेला संरक्षक थर, आधी कॉस्टिक सोड्याने उतरवावा लागतो आणि पॉलिशनंतर पुन्हा चढवावा लागतो. जस्ताचे ओतीव भाग सर्वांत अवघड. त्यांच्यावर पुटकुळ्यांसारखे फोड येतात, आणि ते खोलवर खरवडले तर मोनोग्रामच्या अक्षरांच्या कडाच नाहीशा होतात.

बफच्या मोटारीपाशी उभा असणारा कारागीर हा या साऱ्या कामाचा केंद्रबिंदू आहे. त्याच्यासमोर गरगरणारे चाक सुती कापडाच्या एकावर एक शिवलेल्या चकत्यांचे असते. कापसाच्या या जिल्ह्यात धातूला उजाळा देण्याचे काम शेवटी कापसाकडेच येते. चाकाला लावलेली मेणचट वडी तापली की तिचा चरबट वास तापलेल्या सुताच्या वासात मिसळतो, आणि तो वास कपड्यांना, केसांना, डब्यातल्या पोळीलाही चिकटून राहतो. पट्टीची कड चाकाच्या फिरण्याच्या विरुद्ध धरली गेली, तर चाक ती हातातून हिसकावून घेते आणि दोन फूट लांबीचा धातू चाबकासारखा उलटतो. म्हणून कारागीर पट्टी नेहमी खालच्या अंगाला, उतरती धरतो, थोड्या थोड्या वेळाने तिच्यावर बोट फिरवून ती किती तापली ते पाहतो, आणि कुठे थांबायचे हे डोळ्यांपेक्षा बोटांवरून ठरवतो. या हाताला मिळणारी मजुरी त्याच्या कौशल्याच्या मानाने फारच थोडी असते.

क्रोमच्या कामात एक आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे: अर्धा मायक्रॉन. शोभेच्या क्रोमचा थर साधारणपणे एवढाच, किंवा याहूनही कमी जाडीचा असतो. म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दोन हजारावा भाग. बंपरची दिसणारी चकाकी बव्हंशी त्याखालच्या, कितीतरी पट जाड अशा निकेलच्या थराची असते आणि गंज रोखण्याचे कामही मुख्यतः तेच निकेल करते. वरचे क्रोम निकेलला काळवंडू देत नाही आणि त्याला किंचित निळसर छटा देते. अनेकदा निकेलच्या खाली तांब्याचाही थर दिलेला असतो. बंपर मंद दिसतो म्हणून त्याला सरसकट पुन्हा मुलामा देण्यास पाठवणे याचा अर्थ हे सारे थर आम्लात उतरवून, धातू घासून, नव्याने सुरुवात करणे होय. शिवाय पारंपरिक मुलाम्याच्या टाकीत क्रोमिक आम्ल असते. त्यातील षट्संयुजी क्रोमियम हे सिद्ध कर्ककारक आहे आणि त्याच्या वाफेने जुन्या कारखान्यांतील कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोके पडत, हे वैद्यकशास्त्रात नोंदलेले आहे. निकेल शाबूत असेल आणि बंपरवर केवळ बारीक ओरखडे असतील, तर अर्ध्या मायक्रॉनसाठी दुसऱ्याचा श्वास पणाला लावण्याचे समर्थन करता येत नाही.

प्रतिकृतीची अडचण वेगळी आहे. नवी जाळी दुकानात झगझगीत दिसते, परंतु तिची वक्रता किंवा क्लिपांची जागा थोडी जरी चुकली, तरी ती बसवण्यासाठी गाडीच्या मूळ पत्र्यातली भोके कानशीने वाढवली जातात. जाळी पुन्हा बदलता येते. वाढवलेले भोक पूर्ववत होत नाही.

‘मूळ’ म्हणजे कोणत्या वर्षीचे, हाही प्रश्न आहेच. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनवली आणि 1974 पासून तिचीच आवृत्ती पद्मिनी या नावाने विकली. पुढच्या सुमारे पाव शतकात तिचा साज अनेकदा बदलला. केंद्र सरकारच्या जुलै 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते आणि तिला ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो. मात्र चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांतील बदलांचा नामनिर्देश करणारी ही व्याख्या साजाचे नाव घेत नाही, त्यामुळे जाळी व मोनोग्राम यांचा निर्णय मालकाच्या विवेकावरच राहतो. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने 2012 मध्ये स्वीकारलेली तूरिनची सनद या बाबतीत अधिक नेमकी आहे: जतनाला प्राधान्य द्यावे, बदललेल्या भागांवर कायमची खूण करावी आणि शक्यतो प्रत्येक बदल मागे घेता येईल असा असावा, अशी तिची भूमिका आहे.

रबराला हा न्याय लावता येत नाही. समोरच्या काचेचे चिरलेले रबर पावसाळ्यात पाणी आत घेते, ते पाणी डॅशबोर्डच्या मागून पायाखालच्या पत्र्यावर साचते, आणि कोरड्या हवेने पन्नास वर्षे राखलेला पत्रा काही पावसाळ्यांतच सडू लागतो. तेथे प्रतिकृती बसवणे हेच जतन ठरते. जुने रबर मात्र फेकू नये: त्याचा आडवा छेद कापून ठेवला, तर साचा बनवणाऱ्याला खाचेचे खरे माप मिळते. काढलेल्या प्रत्येक भागाला गाडीचा क्रमांक, काढल्याची तारीख आणि कारण लिहिलेली चिठ्ठी बांधावी, नव्या भागाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवर वर्ष कोरावे, आणि ज्या कारागिराने पट्टी सरळ केली त्याचे नावही गाडीच्या वहीत लिहावे.