संगणकभाषांचा बाजारभाव

बारावीचे निकाल लागून अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रवेशाची धांदल सुरू झाली, की पुण्या-मुंबईतच नव्हे तर नांदेड-जळगावातही ज्या चर्चेला हमखास ऊत येतो, ती म्हणजे मुलाने अथवा मुलीने कोणती संगणकभाषा शिकली असता नोकरी लवकर लागेल आणि दरमाहे भरघोस पगार पदरात पडेल, ही होय. शिकवणी वर्गांच्या फलकांवर या प्रश्नाची तयार उत्तरे रंगवलेलीच असतात. कधी जावा, कधी पायथन, अलीकडे सरसकट कृत्रिम बुद्धिमत्ता. प्रश्न गैर आहे असे मुळीच नाही. ज्याला पोटापाण्याचा उद्योग करावयाचा आहे त्याने बाजारभाव विचारू नये, तर मग तो विचारावा कोणी? परंतु भाव भाषेचा विचारावा, की भाषेच्या पाठीशी उभ्या असलेल्या दुसऱ्याच एखाद्या हुन्नराचा, याविषयी गेल्या सहा-सात दशकांच्या इतिहासात जो पुरावा पडून आहे, तो या फलकांना फारसा अनुकूल नाही.

फ्लॅशचेच पाहा. एके काळी संकेतस्थळांवरील हलती चित्रे, खेळ आणि जाहिराती यांचा बराचसा कारभार फ्लॅशवर व तिच्या ॲक्शनस्क्रिप्ट या भाषेवर चालत असे, आणि ती जाणणाऱ्या उमेदवाराला काम शोधत हिंडावे लागत नसे. २०१० मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्झ यांनी आपल्या फोनमध्ये तिला थारा का नाही याची कारणे जाहीर पत्राने मांडली, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी खुद्द ॲडोबी कंपनीनेच फ्लॅशचा गाशा गुंडाळला.

कोबोलची हकीकत नेमकी उलट. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पाठिंब्याने १९५९ मध्ये भरलेल्या एका समितीने, ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेचा मोठा आधार घेऊन, व्यापारी व सरकारी हिशेबांसाठी ही भाषा सिद्ध केली. विद्यापीठीय पंडितांनी तिची पुष्कळ टवाळी केली. पण बँकांनी आणि विमा कंपन्यांनी तिला घट्ट धरून ठेवले, आणि त्याला केवळ आळस कारण नव्हता. संगणक मुळात शून्य आणि एक या दोनच अंकांत मोजतो व त्या मापात एक दशांश हा अपूर्णांक नेमका बसत नाही. म्हणून आजच्या बहुतेक भाषांत ०.१ आणि ०.२ यांची सरळ बेरीज करावयास सांगितली, तर दशांशचिन्हापुढील सतराव्या स्थानी चार हा आगंतुक अंक उगवतो. कोट्यवधी खात्यांवर रोज व्याज चढवणाऱ्या पेढीला असा पाहुणा परवडत नाही. कोबोलमध्ये दशमान हिशेब जन्मापासूनच असल्याने तेथे पैशापर्यंतचा ताळा चोख जमतो. एप्रिल २०२० मध्ये साथीमुळे बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर लोटला, तेव्हा न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला यावे असे जाहीर आवाहन केले, कारण राज्याची यंत्रणा चाळीस वर्षांपूर्वीची होती आणि तिचे जाणकार कधीच सेवानिवृत्त झाले होते. त्यापूर्वी, वर्षाचे दोनच अंक नोंदवण्याच्या जुन्या काटकसरीमुळे २००० साल उजाडताना जो घोर पडला होता, त्याच्या निवारणात भारतीय कंपन्यांनी केलेले कामही बहुतांशी असल्याच जुन्या दप्तरांतले होते.

एवढ्यावरून मुलांना आता कोबोल शिकवा असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही फसेल. त्या जुन्या आज्ञावलीत दडलेला व्याजाचा, थकबाकीचा, सवलतीचा नियम जो उकलू शकतो, त्याला मोल मिळते. भाषेची वाक्यरचना शिकणे हा त्यातला सोपा भाग. हेच अधिक स्पष्ट पाहावयाचे, तर ज्या भाषेचे नाव फलकांवर बहुधा शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरांत असते, त्या एसक्यूएलकडे वळावे लागेल.

१९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. तोवर माहितीच्या साठ्यातून एखादी नोंद काढावयाची, तर ती कोठे ठेवली आहे आणि तेथपर्यंत कोणत्या दुव्यांवरून जावयाचे, हे आज्ञावली लिहिणाराला ठाऊक असावे लागे. कॉड यांचे म्हणणे असे, की सर्व माहिती ओळी व स्तंभ यांच्या साध्या कोष्टकांत मांडावी, मागणाऱ्याने काय हवे तेवढेच सांगावे आणि ते कसे आणावयाचे याची चिंता यंत्राने वाहावी. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या विचाराला भाषेचे रूप दिले (बॉइस त्याच वर्षी ऐन तारुण्यात निवर्तले). १९८६ मध्ये अमेरिकेत तिला प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतर कितीएक भाषा आल्या आणि गेल्या, पण रेल्वेचे आरक्षण असो की बँकेची खातेवही, विचारपूस आजही प्रायः हीच भाषा करते. पुण्यात १९९० मध्ये आनंद देशपांडे यांनी स्थापलेल्या पर्सिस्टंट सिस्टिम्सचा आरंभही याच माहितीसाठ्यांच्या विद्येतून झाला.

ही भाषा आठवड्यात शिकता येते, आणि गोम तेथेच आहे. समजा, एका पतपेढीत थकबाकीदारांची यादी आहे, आणि त्या यादीत ज्यांचा क्रमांक नाही अशा ग्राहकांना कर्जाचे पत्र पाठवावयाचे आहे. नवखा उमेदवार ‘नॉट इन’ घालून सरळ प्रश्न विचारतो आणि उत्तरादाखल एकही ग्राहक हाती लागत नाही. चुकीची सूचना नाही, तक्रार नाही, नुसते रिकामे कोष्टक. कारण एवढेच, की कोणा कारकुनाने यादीत एक क्रमांक कोरा सोडला आहे. या भाषेत कोऱ्या जागेचा अर्थ ‘माहीत नाही’ असा असल्याने, पाचशे एक क्रमांकाचा ग्राहक त्या कोऱ्या नोंदीहून निराळा आहे काय, या पृच्छेला यंत्र होय म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. आणि ज्याच्याविषयी खात्री नाही अशाला ते पुढे सोडत नाही. एका कोऱ्या घराने सारी पेढी थकबाकीदार ठरवली! ज्याला हे पाहताच कळते, त्याच्या पगारातला फरक या कळण्याचा आहे.

दुसरी गोष्ट वेगाची. एक कोटी व्यवहारांच्या कोष्टकातून एक नोंद ओळीने शोधू गेल्यास सरासरी पन्नास लाख ओळी चाळाव्या लागतात. रुडॉल्फ बायर व एडवर्ड मक्‌क्राइट यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बी-ट्री या रचनेत ग्रंथाच्या अखेरच्या सूचीसारखी, पण अनेक पातळ्यांची, अनुक्रमणिका असते. तिच्या प्रत्येक पानातून तीनशे वाटा फुटत असतील, तर तीन पायऱ्यांत दोन कोटी सत्तर लाख नोंदी आवाक्यात येतात, म्हणजे तीन पाने उलटली की काम झाले. अनुक्रमणिका तारखेवर असताना ‘ज्या तारखेचे वर्ष २०२३ आहे’ असे विचारले, तर यंत्र बहुधा प्रत्येक तारखेतून वर्ष सोलून पाहत बसते आणि अनुक्रमणिका बाजूला पडते. तेच ‘१ जानेवारी २०२३ पासून १ जानेवारी २०२४ च्या आतील’ असे विचारले, की ती कामी येते. उत्तर दोन्हीकडे एकच, पण पहिल्याला काही मिनिटे लागतील तेथे दुसरे निमिषार्धात हजर.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून आज्ञावली लिहून देणारी यंत्रे स्वस्त झाली, आणि आता प्रोग्रामर हवेत कशाला, असेही विचारले जाऊ लागले आहे. माझ्या मते, केवळ वाक्ये जुळवून देणाऱ्याचा भाव उतरणार हे खरे आहे. परंतु यंत्राने लिहिलेला मजकूरही शेवटी परक्याचाच मजकूर असतो, त्यातली ‘नॉट इन’ची मेख तितक्याच सफाईने लपलेली असू शकते, आणि तो तपासून जबाबदारीने सही करणारा मनुष्य तर लागतोच. लिहिणे जितके स्वस्त, तितके दुसऱ्याचे लिहिलेले वाचता येणे महाग, असा हा व्यवहार आहे. दुर्दैवाने आपल्या परीक्षांत कोऱ्या कागदावर नवी आज्ञावली लिहावयास सांगतात, जुनी आणि सदोष अशी हातात देऊन दोष काढावयास क्वचितच सांगतात.

या अभ्यासाला खर्च मात्र जवळजवळ नाही. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये निर्माण केलेले एसक्यूलाइट हे एसक्यूएल जाणणारे माहितीसाठ्याचे साधन प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आधीच बसलेले आहे, ते सर्वस्वी विनामूल्य आहे आणि वरची पतपेढी, कोऱ्या क्रमांकासह, त्यात अर्ध्या तासात उभी करता येते.