बिनपरवान्याचा कुत्रा सुटतो तेव्हा

महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो. त्यासाठी रेबीज लसीचा दाखला दाखवावा लागतो. परवाना नसणे हा महापालिकेच्या नियमांचा भंग. पट्टा-बिल्ल्याविना रस्त्यावर आलेला कुत्रा बेवारस समजून पकडला जाऊ शकतो, मग तो आपलाच हे सिद्ध करण्याची धावपळ मालकाच्या नशिबी.

खरी डोकेदुखी फौजदारी कायद्याची. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 291 प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाचे आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुत्रा चावलाच पाहिजे असे नाही. जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असूनही पुरेशी खबरदारी न घेणे एवढे पुरते. चावा घेतला तर दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घालण्याबाबतचे कलम 125 सुद्धा लागू शकते. जखमी माणूस नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावू शकतो तो वेगळाच.

मुंबईत 2010 साली गाडीतून बाहेर पडलेला रॉटवायलर एकाला चावला. 2023 मध्ये गिरगावच्या न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. खटला जुन्या दंड संहितेखाली चालला होता. परवाना असला तरी या जबाबदारीतून सुटका नाही.

कटकट नको म्हणून कुत्रा मुद्दाम सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे हास्यास्पदच.