जुना फोन, मोठे नाव आणि आपली बचत

कुंभकोणमला १९०४ साली ‘कुंभकोणम बँक’ सुरू झाली. तीच आजची सिटी युनियन बँक. तिचे मुख्य कार्यालय अजून त्याच गावात आहे. तेव्हाचा खातेदार वही घेऊन काउंटरवर जात असे. आज तुमची वही मोबाइलमध्ये आहे, म्हणून मोबाइलच्या आतल्या सॉफ्टवेअरचा प्रश्नही तुमच्या पैशाचा प्रश्न झाला आहे.

नोकिया आठवते ना? २००७ च्या अखेरीस जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा मोबाइलपैकी सुमारे चार नोकियाचे होते. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर आहे. तिथे २००६ मध्ये नोकियाने कारखाना काढला आणि हजारो तरुण मुलामुलींना पहिली नोकरी मिळाली. असे नाव बुडेल, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर आपण हसलो असतो.

अडचण फोनच्या आत होती. नोकियाच्या स्मार्टफोनमध्ये ‘सिम्बियन’ नावाची प्रणाली चाले. ती घडली बटणांच्या फोनसाठी: मेमरी थोडी, बॅटरी जपून वापरायची. त्या कामाला ती उत्तमच होती. पण २००७ मध्ये आयफोन आला, पाठोपाठ अँड्रॉइड आले आणि लोक पडद्यावर बोट फिरवू लागले. नोकियाने सिम्बियनवरच स्पर्शाची सोय बसवली. जुन्या वाड्याला लिफ्ट लावण्यासारखे ते काम. एक भिंत फोडावी तर दुसरीला तडा. शिवाय अ‍ॅप बनवणाऱ्यांना सिम्बियन किचकट वाटे, त्यामुळे नवी अ‍ॅप दुसरीकडे जाऊ लागली. नोकियाला हे कळत नव्हते असे नाही. तिने इंटेलबरोबर ‘मीगो’ ही नवी प्रणालीही हाती घेतली होती. पण जुना माल खपत होता, आणि खपत्या मालाला हात लावायला कोण धजावतो?

फेब्रुवारी २०११ मध्ये प्रमुख स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून कंपनीची तुलना समुद्रातल्या जळत्या तेल-फलाटाशी केली. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रणाली घेण्याचे जाहीर झाले. नवे फोन मात्र वर्षाच्या शेवटी बाजारात आले. मधल्या काळात, ‘बंद होणार’ म्हणून सांगितलेला सिम्बियन फोन गिऱ्हाईक कशाला घेईल? २०१४ मध्ये मोबाइलचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. करविवादात अडकलेला श्रीपेरुंबुदूरचा कारखाना त्या व्यवहाराबाहेर राहिला आणि त्याच नोव्हेंबरमध्ये बंद झाला.

आता बचतीचा हिशेब पाहा. हेलसिंकीच्या बाजारात २००७ च्या अखेरीस नोकियाचा शेअर २५ युरोंच्या वर होता. २०१२ च्या उन्हाळ्यात तो २ युरोंच्याही खाली आला. वरच्या भावाला १०,००० रुपये गुंतवलेल्याच्या हाती ८०० रुपयेही उरले नसते. कंपनी बंद पडली नव्हती, नावही तसेच होते. बँकेतली ठेव एका बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. शेअरच्या पडलेल्या भावाला असा विमा नाही. मुलीच्या लग्नाचे किंवा घराचे सगळे पैसे एकाच नामांकित कंपनीत टाकताना हा फरक डोळ्यांपुढे ठेवा. ज्या कंपनीत नोकरी, तिचेच शेअर घेणाऱ्याने तर दोनदा विचार करावा. पगार आणि बचत एकाच दिवशी जाऊ शकतात.

दुसरी गोष्ट तुमच्या खिशातली. कंपनीने सुरक्षा-अपडेट देणे थांबवले तरी फोन चालूच राहतो, फोटो निघतात, फोन लागतात. म्हणून धोका दिसत नाही. पण नव्याने सापडलेली भोके त्यात बुजवली जात नाहीत. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत सुरक्षा-अपडेटची तारीख असते, ती आज पाहा. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि नवे अपडेट मिळत नसेल, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार थांबवा. फोन नातवाला खेळायला देण्याआधी बँकेचे अ‍ॅप आणि सिमकार्ड दोन्ही काढून घ्या.